दिवाळी अंकाच्या पानावर कंदील, रांगोळी आणि पणत्या: सीएसएसने सजावट जागेवर बसवल्याचं एक प्रकरण

एका दिवाळी अंकाचं आगाऊ नोंदणीचं वेबपान, आणि पानाचं दिसणं-मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेतली गडबड. एकच लांब पान, वर मुखपृष्ठ आणि "अंक मागवा" बटण, त्याखाली अनुक्रमणिका, मग मागच्या वर्षांचे अंक, मग नोंदणीचा फॉर्म आणि शेवटी फुटर. स्क्रोल करताना वर चिकटून राहणारी एक बारीक पट्टी, तिच्यात किंमत आणि परत तेच बटण. सजावट दिवाळीला शोभेल अशी: उजव्या कोपऱ्यात झुलणारा आकाशकंदील, अनुक्रमणिकेमागे ठिपक्यांची रांगोळी, फुटरला पणत्यांची ओळ आणि अख्ख्या पानाला हातकागदाचा हलकासा पोत. डिझाइन खरंच देखणं होतं, काढणारीने रांगोळीचे ठिपके नीट मोजून मांडलेले, कुठूनतरी उचललेलं चित्र नव्हतं ते, त्यामुळे पान बिघडलेलं बघून जास्त वाईट वाटलं.

बिघाड काय काय होते ते आधी सांगतो. फोनवर पान बोटाने डावी-उजवीकडे सरकायचं आणि उजवीकडे पांढरी पट्टी दिसायची. मुखपृष्ठाजवळचं "अंक मागवा" दाबलं तर काहीच व्हायचं नाही, पण खाली मागच्या अंकांजवळची बटणं मात्र व्यवस्थित चालायची. रांगोळी पान उघडताना क्षणभर दिसायची आणि गायब. पणत्यांची ओळ फोनवर फुटर सोडून थेट फॉर्मात, "पत्ता" आणि "पिनकोड" या दोन रकान्यांच्या अंगावर येऊन बसलेली. आणि ती चिकटणारी पट्टी चिकटायचीच बंद झालेली. संपादकांचा फोन आला, "अहो, लोक म्हणतायत बटण दाबलं जात नाही, आणि रांगोळी तर मला दिसतच नाहीये, तुम्हाला दिसते का?" पान दुसऱ्याने बनवलेलं, माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं.

पाच वेगळे बग वाटतात पण उघडून बघितल्यावर सगळ्यांची मुळं एकाच ठिकाणी निघाली. सगळी सजावट पानाला टांगलेली होती, ज्या भागाची ती सजावट आहे त्या भागाला नाही. आपण तोरण दाराच्या चौकटीला बांधतो, सोसायटीच्या गेटपासून टेप धरून अमुक फुटांवर बांधत नाही, इथे नेमकं ते दुसरं झालं होतं. डिझाइनची फाइल १४४० पिक्सेल रुंदीची, तिच्यात पणत्यांची ओळ वरून ४१२० पिक्सेलवर होती, तो आकडा तसाच्या तसा टॉपमध्ये, म्हणजे वरून किती अंतरावर हे सांगणाऱ्या ओळीत टाकलेला. आता फोनच्या ३६० पिक्सेलमध्ये तोच मजकूर घडी पडून पडून किती लांब होतो हे कोणालाही कळेल, फुटर कुठल्या कुठे खाली जातो आणि ४१२० वर फॉर्म येतो. आणि हे फक्त फोनचंच नाही. मराठी फॉन्ट जरा उशिरा लोड होतो, आधी फोनमधला फॉन्ट दिसतो मग आपला येतो, दोघांची अक्षरांची रुंदी आणि ओळीची उंची वेगळी, तेवढ्यानेही पानाची उंची बदलते. दिवाळी अंकाच्या वाचकांत वयस्कर मंडळी बरीच, ते फोनमधली अक्षरं मोठी करून ठेवतात, त्यांच्याकडे तर पान अजूनच लांब. म्हणजे वरून मोजलेला कुठलाही आकडा या पानावर टिकणारच नव्हता.

मूळ रचना अशी: बॉडीच्या आत सगळ्यांना गुंडाळणारा एक मोठा रॅपर डिव्ह (डिव्ह म्हणजे पानावरचा एक डब्बा), त्याच्या शेवटी सजावटीचा एक डिव्ह, आपण त्याला थर म्हणू. थराला पोझिशन ॲब्सोल्यूट (म्हणजे मजकुराच्या ओघातून काढून दिलेल्या अंतरावर ठेवणं), टॉप शून्य, लेफ्ट शून्य, रुंदी १०० व्हीडब्ल्यू (खिडकीच्या रुंदीचे १०० टक्के), उंची १०० टक्के, झेड-इंडेक्स ५ (कोण कोणाच्या वर दिसेल ते ठरवणारा आकडा). आत चित्रांचे टॅग, प्रत्येकाला पिक्सेलमध्ये टॉप आणि लेफ्ट किंवा राइट. रांगोळीही आधी यातच होती पण ती अक्षरांच्या वर दिसायला लागली म्हणून तिला तिथून काढून अनुक्रमणिकेच्या सेक्शनच्या बिफोर या सूडो-एलिमेंटमध्ये (एचटीएमएलमध्ये न लिहिता सीएसएसनेच तयार केलेल्या डब्यात) नेलं होतं, झेड-इंडेक्स वजा १ देऊन.

आता बटणाचं बघा, कारण ते सगळ्यात मजेदार आहे. वरचंच बटण का बंद आणि खालची का चालू? ॲब्सोल्यूट डिव्हची टक्केवारी मोजली जाते ती त्याच्या सगळ्यात जवळच्या पोझिशन दिलेल्या पूर्वजावरून, आणि इथे एकाही पूर्वजाला पोझिशन नव्हतं, ना रॅपरला ना बॉडीला. असं असलं की ब्राउझर मूळ चौकट धरतो आणि ती असते फक्त पहिल्या स्क्रीनएवढी, पूर्ण पानाएवढी नाही. म्हणजे उंची १०० टक्के लिहिलं तरी थर पहिल्या स्क्रीनपुरताच, वरच्या बटणावर पारदर्शक काचेसारखा पसरलेला, टॅप त्यालाच लागायचा. खाली थरच नाही म्हणून खालची बटणं चालायची, फक्त पणत्यांचं चित्र जिथे पडलं होतं तिथला रकाना दाबला जायचा नाही. हे शोधायला काही लागत नाही, बटणावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट केलं की डेव्हटूल्स, म्हणजे ब्राउझरमधली तपासणीची सोय, बटणाऐवजी तो थराचा डिव्ह दाखवतं, तिथेच उलगडा होतो.

आडव्या सरकण्यावर मधल्या काळात, पान माझ्याकडे यायच्या आधी, एक उपाय करून बघितला होता, तो काय झाला हे सांगण्यासारखं आहे कारण तोच उपाय सगळीकडे लोक करतात. रॅपरला ओव्हरफ्लो-एक्स हिडन दिलं, म्हणजे आडवं बाहेर जाईल ते कापायला सांगितलं. सरकणं थांबलं नाही. का, तर ओव्हरफ्लो हिडन हे ॲब्सोल्यूट मुलाला तेव्हाच कापतं जेव्हा त्या मुलाची मोजमापाची चौकट तो डब्बा स्वतः किंवा त्याच्या आतला कोणी असतो, इथे चौकट रॅपरच्या बाहेर होती. मग रॅपरला पोझिशन रिलेटिव्ह दिलं. सरकणं थांबलं, पण आता थराची चौकट रॅपर झाला, उंची १०० टक्के म्हणजे अख्ख्या पानाची उंची, आणि काच पूर्ण पानावर पसरली, फॉर्मसकट सगळं दाबणं बंद. घाबरून रिलेटिव्ह काढलं पण हिडन तसंच राहिलं. सरकणं परत आलं आणि चिकटणारी पट्टी मात्र कायमची सुटली.

ती पट्टी का सुटली हे नीट समजून घ्यायला हवं. ओव्हरफ्लोच्या दोन दिशा एकमेकींपासून पूर्ण मोकळ्या नाहीत. एक्सला हिडन दिलं आणि वायला काहीच दिलं नाही तर वाय व्हिजिबल राहत नाही, ब्राउझर ते आपोआप ऑटो धरतो. ऑटो झालं की रॅपर स्वतःच एक स्क्रोल होणारा डब्बा बनतो. स्टिकी चिकटतं ते जवळच्या स्क्रोल होणाऱ्या डब्याला, आता तो डब्बा रॅपर, आणि रॅपरला स्वतःची ठरावीक उंची नाही म्हणून तो आत कधी स्क्रोल होतच नाही, स्क्रोल होतं ते बाहेरचं पान. मग पट्टी बिचारी कशाला चिकटणार? "पोझिशन स्टिकी चालत नाही" म्हणून लोक तासन्‌तास डोकं धरून बसतात, त्यात आईवडील डब्यांपैकी कोणावर तरी ओव्हरफ्लो लावलेला असणं हे कारण मी तरी सगळ्यात जास्त वेळा बघितलंय.

आता मुळात आडवं सरकत का होतं. कंदिलाला राइट वजा ६० पिक्सेल, म्हणजे तो उजव्या कडेच्या बाहेर ६० पिक्सेल. गंमत अशी की रांगोळी थरात असताना तिलाही लेफ्ट वजा ८० होतं, पण डावीकडे कधीच काही सरकलं नाही. डावीकडून उजवीकडे लिहिल्या जाणाऱ्या पानावर ब्राउझर डावीकडे आणि वर बाहेर गेलेलं सोडून देतो, तिकडे स्क्रोल करून जाता येतच नाही, आणि उजवीकडे किंवा खाली बाहेर गेलेलं सगळं स्क्रोलमध्ये मोजतो. उर्दूसारख्या उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या पानावर हेच आडव्या दिशेला उलटं. त्यामुळे डाव्या कडेला सजावट अर्धी बाहेर काढून "चाललं की" म्हणणारा माणूस तीच गोष्ट उजव्या कडेला करतो तेव्हा फसतो.

त्यात १०० व्हीडब्ल्यूची भर. व्हीडब्ल्यू मोजताना विंडोजवरच्या नेहमीच्या स्क्रोलबारची जागाही धरली जाते, म्हणजे थर खऱ्या जागेपेक्षा साधारण १५-१७ पिक्सेल रुंद, कंदील नसता तरी डेस्कटॉपवर आडवा स्क्रोल आलाच असता. बनवणाऱ्याकडे मॅक होता, तिथे ट्रॅकपॅड वापरताना स्क्रोलबार मजकुरावर तरंगतो, जागा खात नाही, म्हणून त्याला हे दिसणंच शक्य नव्हतं. क्रोममधल्या फोनच्या नकली स्क्रीनवरही दिसत नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे झुलणं. ट्रान्सफॉर्मने फिरवलेली वस्तू शेजाऱ्यांना ढकलत नाही हे खरं, पण फिरल्यावर तिचा कोपरा कडेबाहेर गेला तर तो स्क्रोलमध्ये धरला जातो. म्हणजे कंदील राइट शून्यवर ठेवला असता तरी प्रत्येक झोक्याला आडवा स्क्रोलबार येऊन-जाऊन लुकलुकला असता.

असा कोण बाहेर जातोय हे शोधायला जावास्क्रिप्टने सगळे एलिमेंट फिरून कोणाची उजवी कड पानाच्या रुंदीपलीकडे आहे हे बघता येतं, पण सूडो-एलिमेंट त्या यादीत येतच नाहीत, आणि सजावट तर बहुतेक तिथेच असते. त्यापेक्षा तारांकित सिलेक्टर (जो सगळ्या एलिमेंटना लागतो), बिफोर आणि आफ्टर या तिघांना एक पिक्सेलची लाल आउटलाइन द्यायची. बॉर्डर नाही, आउटलाइन, कारण ती जागा घेत नाही आणि मांडणी हलत नाही. फायरफॉक्सच्या डेव्हटूल्समध्ये स्क्रोल असा बिल्ला दिसतो, त्यावर क्लिक केलं की कोणामुळे ओव्हरफ्लो होतोय तेही दाखवतं, फार कामाची सोय आहे ती.

आता रांगोळी. क्षणभर दिसून गायब होणं हीच खरी खूण होती आणि मला या प्रकरणातला हा भाग सगळ्यात आवडतो. झेड-इंडेक्स वजा १ म्हणजे "माझ्या सेक्शनच्या मजकुरामागे" असं आपल्याला वाटतं, पण ब्राउझरच्या लेखी ते असतं "माझ्या स्टॅकिंग काँटेक्स्टमध्ये सगळ्यात मागे", स्टॅकिंग काँटेक्स्ट म्हणजे एकावर एक रचलेल्या डब्यांचा एक स्वतंत्र गट. ब्राउझर रंगवताना एका काँटेक्स्टमध्ये आधी त्या काँटेक्स्टच्या मालकाचं बॅकग्राउंड रंगवतो, मग उणे झेड-इंडेक्सवाले, मग साधे डब्बे आणि त्यांची बॅकग्राउंडं, मग मजकूर, मग पोझिशन दिलेले, शेवटी धन झेड-इंडेक्सवाले. अनुक्रमणिकेचा सेक्शन हा स्वतः काँटेक्स्ट नव्हता, तो होता नुसता साधा डब्बा, क्रीम रंगाच्या बॅकग्राउंडचा. मग रांगोळी गेली थेट पानाच्या मुळाच्या काँटेक्स्टमध्ये, तिथे ती आधी रंगवली गेली आणि तिच्यावर सेक्शनचा क्रीम रंग फासला गेला. रांगोळी होती तिथेच, फक्त रंगाखाली.

मग सुरुवातीला का दिसायची? कारण सेक्शनला हळूच उमटण्याचं ॲनिमेशन होतं, ओपॅसिटी (अपारदर्शकता) शून्यावरून एक, ०.८ सेकंदात. ओपॅसिटी एकपेक्षा कमी असली किंवा तिच्यावर ॲनिमेशन चालू असलं की तो डब्बा तेवढ्यापुरता स्टॅकिंग काँटेक्स्ट बनतो. तेवढा वेळ रांगोळी सेक्शनच्या हद्दीत राहायची, क्रीम रंगाच्या वर आणि मजकुराच्या खाली, अगदी हवी तशी. ॲनिमेशन संपलं, काँटेक्स्ट गेला, रांगोळी रंगाखाली गेली. म्हणूनच कधीतरी कोणीतरी सेक्शनला ट्रान्सफॉर्म किंवा ओपॅसिटी ०.९९ टाकून "जादूने" हे दुरुस्त करतं आणि कोणालाच कळत नाही का झालं. सरळ उपाय आहे आयसोलेशन आयसोलेट. या प्रॉपर्टीचं कामच ते, दिसण्यात काहीही न बदलता डब्याला स्वतःचा काँटेक्स्ट देणं. पोझिशन रिलेटिव्ह आणि झेड-इंडेक्स शून्य दिलं तरी तेच होतं, पण आयसोलेट लिहिलं की पुढच्या माणसाला वाचताना कळतं की हे मुद्दाम केलंय.

तर मग मी काय केलं. थर पूर्ण काढून टाकला, रॅपरवरचं हिडन काढलं. ज्या सेक्शनला सजावट आहे त्याला तीन गोष्टी दिल्या: पोझिशन रिलेटिव्ह, आयसोलेशन आयसोलेट आणि ओव्हरफ्लो क्लिप व्हिजिबल, म्हणजे आडवं कापायचं आणि उभं मोकळं. क्लिप आणि हिडन दिसायला सारखे, पण क्लिपने स्क्रोल होणारा डब्बा तयार होत नाही, त्यामुळे स्टिकी शाबूत राहतं आणि दुसरी दिशा खरोखर व्हिजिबल ठेवता येते. क्लिप फायरफॉक्समध्ये २०२० ला, क्रोममध्ये २०२१ ला आणि सफारीत १६ व्या आवृत्तीपासून २०२२ ला आलं, तेव्हा जुन्या आयफोनसाठी त्याच्या आधीच्या ओळीत साधं ओव्हरफ्लो हिडन लिहून ठेवलं, ज्याला क्लिप कळत नाही तो पहिली ओळ धरतो. सेक्शनच्या आत स्टिकी काही नसल्याने तिथे हिडनही चालून जातं. मुद्दा एवढाच की कापायचं ते सेक्शनवर, रॅपरवर नाही.

रांगोळीसाठी तर शेवटी सूडो-एलिमेंटही ठेवला नाही. ती हलत नाही, फिरत नाही, एक सपाट चित्र आहे, मग ते सेक्शनचंच बॅकग्राउंड-इमेज का नसावं? बॅकग्राउंड चित्र डब्याच्या कडेबाहेर कधी जातच नाही, ते तिथेच कापलं जातं, म्हणजे आडव्या स्क्रोलचा प्रश्नच उरत नाही, झेड-इंडेक्सचा नाही, टॅपचा नाही. आणि अर्धी कडेबाहेर गेलेली रांगोळी हवी असेल तर बॅकग्राउंड-पोझिशन चार शब्दांत लिहिता येतं: राइट वजा ६० पिक्सेल, बॉटम वजा ४० पिक्सेल. उजव्या-खालच्या कोपऱ्यापासून मोजलं गेल्याने सेक्शन कितीही लांब झाला तरी रांगोळी कोपरा सोडत नाही.

इथे टक्केवारीचा एक खड्डा आहे, तो माहीत असलेला बरा. ॲब्सोल्यूट वस्तूला लेफ्ट ८० टक्के दिलं तर डब्याच्या ८० टक्क्यांवर तिची डावी कड येते. १२०० पिक्सेलचा डब्बा आणि ३०० चं चित्र धरा, ते ९६० वर सुरू होऊन १२६० वर संपेल, ६० पिक्सेल बाहेर. तेच ८० टक्के बॅकग्राउंड-पोझिशनमध्ये लिहिलं तर ब्राउझर डब्याच्या रुंदीतून चित्राची रुंदी वजा करतो, उरलेल्या ९०० चे ८० टक्के घेतो, चित्र ७२० वर सुरू होतं आणि १०२० वर संपतं, आतच. म्हणून एका पद्धतीतून दुसरीकडे नेताना टक्के तसेच उचलून चालत नाही. आणि चित्र डब्यापेक्षा मोठं असेल तर ती वजाबाकीच उणे येते, मग टक्के वाढवले की चित्र उजवीकडे जायच्याऐवजी डावीकडे सरकतं, फोनवर हे हमखास होतं आणि माणूस चक्रावतो.

पण रांगोळीचा खरा प्रश्न सीएसएसचा नव्हताच, तो वाचण्याचा होता, आणि यावर माझं मत पक्कं आहे. ठिपक्यांची रांगोळी देवनागरी मजकुराच्या मागे ठेवू नये. आपल्या लिपीत ठिपका म्हणजे अनुस्वार. अनुक्रमणिकेत लेखांची नावं साधारण १८ पिक्सेलमध्ये, त्यात अनुस्वाराचा ठिपका तीनेक पिक्सेलचा, आणि मागे रांगोळीचे ठिपके चार पिक्सेलचे. आयसोलेट लावून रांगोळी मागे नीट दिसायला लागल्यावर मी स्क्रीनवर मोठं करून बघितलं, "चिता" या शब्दाच्या बरोबर वर ठिपका आला की "चिंता" वाचलं जातं, शिरोरेघेच्या वर ठिपके पडले की प्रत्येक दुसरा शब्द संशयाचा. रोमन लिपीत मागे ठिपके असले तर फार तर गचाळ दिसतं, आपल्याकडे शब्दच बदलतो. ठिपके फिकट करून उपयोग होत नाही, फिकट केले की रांगोळी रांगोळी राहत नाही आणि कमी दिसणाऱ्याला तरीही त्रास व्हायचा तो होतोच. अक्षर आणि मागचा रंग यांच्यात वेबच्या सुलभतेच्या नियमांप्रमाणे साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट हवा, आणि तो मोजताना नुसता क्रीम रंग धरून चालत नाही, सजावटीचा जो रंग अक्षराच्या सगळ्यात जवळ जातो त्याच्यावर मोजायला हवा.

म्हणून रांगोळी मजकुराखालून काढून त्याच्या बाजूला बसवली. डिझाइनमध्ये ती डावीकडे होती, मी उजवीकडे नेऊया म्हणालो, कारण मराठी ओळी डावीकडून सुरू होतात, डावी कड सरळ भरलेली असते आणि उजवीकडे ओळी कमी-जास्त लांबीच्या असल्याने मोकळी जागा आपोआप असते. डेस्कटॉपवर सेक्शनला उजवीकडे रांगोळीएवढं पॅडिंग, फोनवर उजवीकडे जागा नसते म्हणून तिथे खाली पॅडिंग, रांगोळी यादी संपल्यावर खालच्या कोपऱ्यात. सजावटीला जागा हवी असेल तर ती पॅडिंगने उघडपणे द्यायची, मजकुराच्या जागेतून चोरायची नाही. काढणारीला आधी वाटलं मागे असण्यातली मजा जाईल, तिला "चिंता"वाला स्क्रीनशॉट पाठवला, मग तिनेच कोपऱ्यासाठी पाव वर्तुळाची नवीन रांगोळी काढून दिली, ती पहिलीपेक्षा छान बसली.

पणत्या सोप्या. फुटरच्या बॅकग्राउंडला एका पणतीचं एसव्हीजी चित्र, पोझिशन लेफ्ट टॉप, आडवं रिपीट, आणि फुटरचा मजकूर त्याखाली राहील एवढं वरचं पॅडिंग. नुसतं रिपीट-एक्स दिलं की उजव्या कडेला अर्धी कापलेली पणती उरते, ते डोळ्याला खुपतं, म्हणून रिपीटच्या जागी राउंड. ब्राउझर पूर्ण पणत्यांचीच संख्या बसवतो आणि त्यासाठी आकार किंचित ताणतो किंवा आकसवतो. पणती ७२ पिक्सेलची, ३६० च्या फोनवर बरोबर पाच, ३९० वर पाचच पण ७८ च्या, ४१२ वर सहा आणि प्रत्येकी ६९ ला जरा कमी. उंचीला ऑटो ठेवलं की प्रमाण बिघडत नाही. आकार अजिबात बदलायला नको असेल तर स्पेस आहे, ते मध्ये सारखी जागा सोडतं. आधी पणत्या चित्राच्या टॅगने होत्या, ऑल्ट (चित्राचं शब्दांतलं वर्णन) लिहिलेलं नव्हतं, न दिसणाऱ्यांना पान वाचून दाखवणारे काही स्क्रीन रीडर अशा वेळी फाइलचं नाव वाचून दाखवतात, आता बॅकग्राउंडमध्ये गेल्याने तो प्रश्नही मिटला. शिवाय फॉर्मचं पान प्रिंट केलं तर ब्राउझर बॅकग्राउंड आपणहून छापत नाही, शाई वाचते.

कागदाचा पोत बॉडीच्या बॅकग्राउंडला साधा रिपीट. आधी त्याला अटॅचमेंट फिक्स्ड होतं, म्हणजे स्क्रोल केलं तरी पोत जागेवर राहील असं, आयफोनच्या सफारीत ते धड चालत नाही, काढून टाकलं, पोत एवढा हलका आहे की स्क्रोलबरोबर हलला तरी कोणाला कळत नाही. एचटीएमएल टॅगला कुठल्यातरी रीसेटमधून (ब्राउझरच्या मूळ स्टाइल पुसणाऱ्या तयार कोडमधून) पांढरा रंग आला होता तो मात्र काढावा लागला. एचटीएमएलला बॅकग्राउंड नसेल तर बॉडीचं बॅकग्राउंड पूर्ण कॅनव्हासला लागतं, असेल तर बॉडीपुरतंच राहतं.

राहिला कंदील, याला मात्र सूडो-एलिमेंट हवाच कारण तो झुलतो. वरच्या सेक्शनच्या आफ्टरमध्ये, काँटेंट रिकामं, पोझिशन ॲब्सोल्यूट, टॉप शून्य, राइट थोडं उणे, झेड-इंडेक्स वजा १ आणि पॉइंटर-इव्हेंट्स नन, म्हणजे टॅप त्याला न लागता आरपार जातो. रुंदी क्लॅम्पने, किमान ७२ पिक्सेल, मधे १४ व्हीडब्ल्यू, जास्तीत जास्त १८०, आणि ही रुंदी एका व्हेरिएबलमध्ये, कारण शीर्षकाला उजवीकडे जेवढं पॅडिंग द्यायचं ते त्याच व्हेरिएबलवरून निघतं. ट्रान्सफॉर्म-ओरिजिन वर मध्यभागी ठेवलं म्हणजे दोरीच्या टोकापासून झुलतो, डिफॉल्ट ठेवलं तर पोटातून फिरतो आणि लगेच खोटा वाटतो.

झुलण्याबद्दल. आधी ते अनंत चालू होतं. वाचायच्या मजकुराशेजारी आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांपेक्षा जास्त हलत राहणारं काही असेल तर ते थांबवायची सोय द्यावी लागते, हे सुलभतेच्या नियमांत स्पष्ट आहे, आणि नियम बाजूला ठेवला तरी शेजारी सतत काहीतरी हलत असताना वाचणं त्रासाचंच. म्हणून १.६ सेकंदांचे तीन झोके, ४.८ सेकंद, मग कंदील शांत. ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी ठेवायची सेटिंग केलीये त्यांच्यासाठी प्रीफर्स-रिड्यूस्ड-मोशनमध्ये ॲनिमेशन पूर्ण बंद, चक्कर येण्याचा त्रास असलेल्या लोकांना अशा झोक्यांनीही मळमळतं.

तपासताना ३२० पिक्सेलवर आवर्जून बघितलं, कारण १२८० च्या स्क्रीनवर कोणी ४०० टक्के झूम केलं की ब्राउझरला तेवढीच रुंदी उरते, आणि त्यातही आडवं सरकवावं न लागता वाचता यायला हवं. मग अक्षरं २०० टक्के करून, मग विंडोजवर खऱ्या स्क्रोलबारसह, मग फॉन्ट ब्लॉक करून. फॉन्ट ब्लॉक केल्यावर ओळी बऱ्याच सरकल्या, पण रांगोळी कोपऱ्यात आणि पणत्या फुटरवर होत्या तिथेच. सजावटीच्या कोडमध्ये पानाच्या वरून मोजलेला एकही आकडा आता राहिला नव्हता.

पान परत लाइव्ह झाल्यावर संपादकांचा एकच निरोप आला, फोनवर कंदील जरा मोठा दिसला तर बरं. व्हेरिएबलमधले ७२ बदलून ८८ केले, शीर्षकाचं पॅडिंग आपोआप तेवढं वाढलं, नाव एका ओळीऐवजी दोन ओळींत गेलं, खालचा सगळा मजकूर एक ओळ खाली सरकला आणि बाकी कशालाही हात लावावा लागला नाही.